‘एटाओइन श्रडलू’ कुठून आलं? वितळत्या शिशातून मजकूर ओतणाऱ्या यंत्रांची गोष्ट

जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांचे अंक स्कॅन होऊन आता घरबसल्या वाचता येतात. ते चाळताना कधीतरी एखाद्या ओळीशी नजर अडखळते. बातमी नीट चाललेली असते आणि मध्येच छापलेलं असतं ‘एटाओइन श्रडलू’. तो ओळखीचा इंग्रजी शब्द वाटत नाही, कोणाचं नावही वाटत नाही आणि पुढच्या ओळीपासून बातमी पुन्हा सरळ सुरू होते. हा गुप्त संकेत नव्हे की स्कॅनिंगमधला दोष नव्हे. त्या दिवशीच्या कागदावर ती अक्षरं खरोखरच उमटली होती. ती का उमटली हे कळण्यासाठी वितळलेल्या शिशातून मजकूर ओतणारी यंत्रं कशी चालत, हे बघावं लागतं. १८८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९७०च्या दशकापर्यंत जगातल्या बहुतेक मोठ्या वर्तमानपत्रांचा मजकूर याच यंत्रांतून निघत असे.

हाताने जुळवताना वेळ कुठे जायचा?

आधी खिळा म्हणजे काय ते पाहू. शिशाच्या मिश्रधातूची एक छोटी उभी कांडी आणि तिच्या माथ्यावर उलटं अक्षर, म्हणजे खिळा. इंग्रजी-अमेरिकी पद्धतीत त्याची उंची ०.९१८ इंच ठरलेली होती. सगळे खिळे नेमके त्याच उंचीचे लागत, कारण बुटका खिळा फिका उमटतो आणि उंच खिळा कागदात रुततो. जुळाऱ्यासमोर खणाखणांची केस असे आणि डाव्या हातात स्टिक. स्टिक म्हणजे ओळीच्या रुंदीला बेतलेली धातूची पट्टी, जिच्यात खिळे उभे करत जायचं.

हे काम एक नव्हतं, तीन होती. पहिलं वेचण्याचं: हव्या त्या अक्षराचा खिळा केसमधून उचलून स्टिकमध्ये लावायचा. दुसरं ओळ भिडवण्याचं: ओळ डाव्या आणि उजव्या, दोन्ही कडांना नेमकी टेकली पाहिजे, म्हणून शब्दांमधल्या जागा कमी-जास्त करत बसायचं. यालाच जस्टिफिकेशन म्हणतात. तिसरं काम छपाईनंतरचं: प्रत्येक खिळा पुन्हा आपापल्या खणात टाकायचा, नाहीतर उद्याच्या मजकुराला अक्षरं कुठून येणार?

बघणाऱ्याला पहिलं काम दिसतं. पण दुसरं आणि तिसरं कामही बराच वेळ खातं. एकोणिसाव्या शतकात खिळे जुळवणारी यंत्रं बनवण्याचे पुष्कळ प्रयत्न झाले. त्यांतल्या बहुतेकांनी वेचण्याचं काम यंत्रावर टाकलं आणि भिडवायला शेजारी माणूस बसवला. जेम्स पेज या अमेरिकी संशोधकाने तिन्ही कामं एकाच यंत्रात कोंबली. सुमारे १८,००० भागांचं ते यंत्र खऱ्या खिळ्यांनी जुळणी करायचं आणि ते खिळे परत जागेवरही टाकायचं. लेखक मार्क ट्वेनने त्यात अमाप पैसा घातला. चाललं तर ते यंत्र सुंदर चालायचं, पण चालू राहायचंच नाही. १८९४ साली ट्वेनचं दिवाळं निघालं, त्यामागचं एक मोठं कारण हे यंत्र होतं. माझ्या मते पेजची चूक कारागिरीत नव्हती. माणसाचा हात जे करतो तेच लोखंडाकडून करून घेण्याचा त्याचा हट्ट होता, आणि तिथे तो फसला.

खिळाच वगळला तर?

ओटमार मर्गेनथालर जर्मनीत घड्याळाचं काम शिकला आणि १८७२ साली अमेरिकेत आला. बऱ्याच फसलेल्या प्रयोगांनंतर त्याने खिळाच वगळला. त्याच्या यंत्रात कळ दाबली की खिळा पडत नाही, मातृका पडते. मातृका म्हणजे साधारण सव्वा इंच उंचीची पातळ पितळी पट्टी. तिच्या एका कडेत अक्षर खोलगट कोरलेलं असतं, म्हणजे ती त्या अक्षराचा साचाच. मातृका ओळीने शेजारी शेजारी उभ्या करायच्या, त्यांच्यासमोर वितळलेला धातू सोडायचा, की आख्खी ओळ एका तुकड्यात ओतून निघते. या तुकड्याला स्लग म्हणतात.

फ्रीजमधला बर्फाचा ट्रे आठवा. आपण ट्रे जपतो, बर्फ जपत नाही. इथेही तसंच आहे. छपाई झाली की स्लग भट्टीत जातो आणि पुन्हा धातू होतो. परत जागेवर जायचं असतं ते फक्त मातृकांना, आणि त्या तर ओतकाम होताच मोकळ्या झालेल्या असतात.

३ जुलै १८८६ रोजी ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’ या वर्तमानपत्रात हे यंत्र पहिल्यांदा प्रत्यक्ष कामाला लागलं. टाइपची आख्खी ओळ देणारं यंत्र, म्हणून लायनोटाइप.

कळ दाबल्यापासून स्लग पडेपर्यंत

लायनोटाइपला ९० कळा असतात, शिफ्ट नसते. डावीकडे काळ्या कळा, त्यांच्यावर इंग्रजीची लहान लिपी. उजवीकडे पांढऱ्या, त्यांच्यावर मोठी लिपी. मधल्या निळ्या कळांवर अंक, विरामचिन्हं वगैरे. अक्षरं वापराच्या क्रमाने लावलेली आहेत. इंग्रजीत सर्वांत जास्त लागणारी ई, टी, ए, ओ, आय, एन ही सहा डावीकडच्या पहिल्या उभ्या रांगेत वरून खाली, आणि एस, एच, आर, डी, एल, यू दुसऱ्या रांगेत. लेखाच्या सुरुवातीचं कोडं इथेच अर्धं सुटतं.

कीबोर्डच्या वर तिरपं बसवलेलं, पसरट पेटीसारखं मॅगझिन असतं. त्यात मातृकांच्या उभ्या नळ्या, प्रत्येक अक्षराची वेगळी. कळ दाबायला बोटाचा जोर लागत नाही. कळ फक्त एका छोट्या कॅमची, म्हणजे पूर्ण गोल नसलेल्या चकतीची, अडवणूक काढते. तो कॅम सतत फिरणाऱ्या रबरी रुळावर पडतो आणि रूळ त्याला फिरवतो. त्या फिरण्याच्या ताकदीने नळीच्या तोंडाशी असलेलं फाटक उघडतं आणि एकच मातृका सुटते. ती पट्ट्यावरून घरंगळत येऊन ऑपरेटरसमोर उभी राहते. मातृकेच्या मागच्या कडेवर अक्षर सुलट ठोकलेलं असल्यामुळे ऑपरेटर जुळत आलेली ओळ वाचू शकतो.

ओळ भरली की एक दांडी वर उचलायची. इथून पुढे माणसाचा हात लागत नाही. यंत्र ओळ उचलून स्लगच्या साच्यासमोर नेतं, भिडवतं, ओततं, स्लगचा तळ आणि दोन्ही बाजू सुऱ्यांनी तासतं आणि गरम, चकचकीत तुकडा गॅलीत, म्हणजे स्लग साठवायच्या तबकात, ढकलतं. तोवर ऑपरेटर पुढची ओळ जुळवत असतो आणि आधीच्या ओळीच्या मातृका वर परतीच्या वाटेला असतात. एकाच वेळी तीन ओळी तीन टप्प्यांवर असतात. हाताने काम करणाऱ्या चार-पाच जुळाऱ्यांचं काम एक ऑपरेटर करू शके, त्याचं कारण एवढंच. सराईत ऑपरेटर मिनिटाला साधारण सहा ओळी काढी.

ओळ कडेला भिडवायची कोणी?

माणूस ओळ भिडवताना हिशेब करतो: किती जागा उरली, किती फटींत वाटायची. लायनोटाइप हिशेब करतच नाही. ते पाचर मारतं.

शब्द संपला की ऑपरेटर वेगळी कळ दाबतो आणि मातृकेऐवजी स्पेसबँड पडतो. हा पोलादाच्या दोन पाचरींचा जोड असतो. एक छोटी पाचर, आणि तिच्यात उलट्या उताराने सरकणारी लांब पाचर. लांब पाचर खालून वर ढकलली की जोडाची जाडी वाढते, पण बाहेरच्या दोन्ही बाजू एकमेकींना समांतरच राहतात. ओळ साच्यासमोर आली की यंत्र सगळ्या लांब पाचरी खालून एकदम वर रेटतं. ओळ दोन्ही जबड्यांना घट्ट टेकेपर्यंत प्रत्येक फट सारखी रुंदावते. हलणाऱ्या दाराखाली आपण पाचर सरकवतो तेव्हा फट मोजत नाही, अडेपर्यंत रेटतो. तेच इथे.

दुहेरी पाचरीची ही कल्पना जेकब शुकर्स या संशोधकाची होती. तिचे हक्क मिळवण्यासाठी लायनोटाइप कंपनीला रॉजर्स टायपोग्राफ ही प्रतिस्पर्धी कंपनीच विकत घ्यावी लागली. एका पाचरीची किंमत एवढी होती, कारण तिच्यावाचून या यंत्राला ओळ भिडवता आली नसती.

पण पाचरीला मर्यादा आहे. ओळ फारच आखूड असेल तर पाचरी पूर्ण वर जाऊनही ती सैल राहते. हा मुद्दा लक्षात ठेवा, कोड्याचा उरलेला अर्धा भाग यात आहे.

धातू साधं शिसं का नसतं?

शिसं स्वस्त, जड आणि लवकर वितळणारं, पण मऊ. नुसत्या शिशाचं अक्षर दाबाखाली चेपतं. अँटिमनी मिसळलं की कठीणपणा येतो आणि गोठताना धातू कमी आकसतो. कथील घातलं की धातू पातळ होऊन कोरणीच्या बारीक कोपऱ्यांत शिरतो. लायनोटाइपचं मिश्रण साधारण ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असं असे.

या प्रमाणामागे एक नेमकं कारण आहे. बहुतेक मिश्रधातू थंड होताना आधी लापशीसारखे घट्ट होतात आणि मग हळूहळू गोठतात. हे मिश्रण मात्र सुमारे २४० अंश सेल्सियसला जवळपास एकदम गोठतं. सेकंदाभरात ओतून, गोठवून, बाहेर ढकलायचं तर मधली लापशीची अवस्था परवडत नाही. भांड्यातला धातू २८० ते २९० अंशांवर ठेवायचा. त्याहून गार असेल तर अक्षराचा माथा खडबडीत येतो, कडा गोल येतात. त्याहून तापला तर स्लगच्या पोटात पोकळ्या राहतात, आणि छपाईच्या दाबाखाली असा स्लग खचतो.

धातू पुन्हा पुन्हा वितळवता येतो, पण तो तसाच राहत नाही. प्रत्येक वितळणीत कथील आणि अँटिमनी हवेशी संयोग पावून वरच्या राखेत जातात. ही राख झाऱ्याने काढायची, आणि ठरावीक काळाने कथील-अँटिमनी जास्त असलेला पूरक धातू मिसळून प्रमाण सावरायचं. सर्वांत वाईट शत्रू जस्त. चित्रांचे ब्लॉक जस्ताचे असत. त्यांचा एखादा तुकडा रद्दी स्लगांबरोबर भट्टीत गेला, तर अगदी थोड्या जस्तानेही आख्ख्या घाण्याचा प्रवाहीपणा जातो. म्हणून वितळवण्याआधी रद्दी निवडणं हे टाळण्यासारखं काम नव्हतं.

मातृका आपापल्या घरी परत कशा जातात?

या यंत्राचा हा भाग मला सर्वांत देखणा वाटतो. ओतकाम झालं की मातृकांची मिसळलेली ओळ एक लांब बाहू यंत्राच्या माथ्यावर नेतो. स्पेसबँडना दात नसतात, त्यामुळे ते खालीच राहतात आणि आपल्या पेटीत परततात. मातृकांच्या माथ्यावर मात्र इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असते आणि खाचेच्या दोन्ही बाजूंना जास्तीत जास्त सात-सात दात. कोणत्या अक्षराला कोणते दात ठेवायचे आणि कोणते काढायचे, हे ठरलेलं असतं.

मॅगझिनच्या वर एक आडवा दांडा असतो, त्यावर दातांना जुळणारे सात रूळ. कपडे वाळत घालायच्या सात समांतर दोऱ्या डोळ्यांसमोर आणा. एखादं हँगर पहिल्या आणि चौथ्या दोरीला अडकवलेलं आहे. तीन मळसूत्री दंडगोल फिरत फिरत त्याला पुढे सरकवत आहेत. एका ठिकाणी पहिली आणि चौथी, या दोन्ही दोऱ्या एकदम तुटलेल्या आहेत. बाकीच्या पाच शाबूत आहेत, पण त्यांना हे हँगर लटकलेलंच नाही. तिथे ते पडणार. आधी कुठे नुसती पहिली दोरी तुटली होती तर चौथीने त्याला धरलं होतं. दांड्यावर प्रत्येक नळीच्या बरोब्बर वर असे तुकडे कापलेले असतात, म्हणून ई ची मातृका ई च्या नळीवरच पडते.

सात दात, प्रत्येक असणार किंवा नसणार. अशा १२८ जुळण्या होतात, आणि ९० नळ्यांना त्या पुरून उरतात. संगणकात आज ज्या द्विमान पद्धतीने अक्षरं साठवतात, तीच पद्धत इथे पितळेत कापलेली आहे.

क्वचित लागणाऱ्या चिन्हांना नळी नसते. त्यांच्या मातृकांना सगळे दात ठेवलेले असतात. त्या कुठेच पडत नाहीत आणि दांड्याच्या शेवटी वेगळ्या खोबणीत उतरतात. तिथून त्या हाताने उचलून पुन्हा ओळीत घालायच्या.

चूक झाली तर काय?

आता कोडं सोडवू. ऑपरेटरच्या लक्षात आलं की ओळीत चूक झाली. मागे जाणारी कळ नाही. चुकीची मातृका बोटाने उपसून योग्य ती घालता येते, पण त्यात हात थांबतो. त्यापेक्षा ही ओळ ओतून, स्लग फेकून देऊन, ती नव्याने जुळवणं पटकन होतं. अर्धवट ओळ मात्र ओतता येत नाही, कारण ती सैल राहील. म्हणून ती कशानेही भरायची. सर्वांत जलद भरणी म्हणजे डावीकडच्या पहिल्या दोन रांगांवरून बोट वरून खाली फिरवणं: एटाओइन श्रडलू. ही ओळ रद्द आहे, ही खूण प्रूफ तपासणाऱ्यालाही ओळखू यायची. घाईत कोणाच्या नजरेतून ती निसटली, तर थेट कागदावर.

यावर कोणीही विचारेल, की एका स्वल्पविरामासाठी आख्खी ओळ पुन्हा ओतायची? होय. आणि एखादा शब्द वाढला तर त्या ओळीपासून परिच्छेद संपेपर्यंतच्या सगळ्या ओळी पुन्हा जुळवायच्या. नव्या ओळीत नवी चूक घुसू शकते, म्हणून दुरुस्तीचाही प्रूफ वाचावा लागतो. त्याहून फसवी चूक पानावर होते. दुरुस्त स्लग घालताना चुकीचा शेजारी उपसला गेला, तर चुकलेली आणि दुरुस्त अशा दोन्ही ओळी छापल्या जातात आणि एक भलतीच ओळ गायब होते. जुन्या अंकांत वाक्य मध्येच तुटून तीच ओळ दोनदा आलेली दिसते, ती अशी.

मग सुटी अक्षरं ओतली तर?

टॉल्बर्ट लॅन्स्टन या अमेरिकी संशोधकाने नेमकं तेच केलं. १८८७ साली त्याला पेटंट मिळालं. पुढे जॉन सेलर्स बँक्रॉफ्ट या अभियंत्याच्या हातून यंत्राला टिकाऊ रूप आलं. हे मोनोटाइप, म्हणजे एकेक टाइप.

मोनोटाइपची दोन वेगळी यंत्रं असतात. पहिलं कीबोर्ड. ते काहीही ओतत नाही, कागदाच्या पट्टीला फक्त भोकं पाडतं. भोकांच्या जागा ३१, आणि बहुतेक अक्षरांना दोन भोकं. दुसरं यंत्र ओतणारं. त्यात २२५ मातृकांची चौकोनी चौकट असते, १५ आडव्या आणि १५ उभ्या रांगांची. दोन भोकांतून जाणारी दाबाची हवा ठरवते की चौकट कोणत्या आडव्या आणि कोणत्या उभ्या रांगेवर थांबेल. नकाशावर अक्षांश-रेखांशाने गाव सापडतं तसं. चौकट साच्यावर बसते, धातू उसळतो, खिळा तयार. मिनिटाला सुमारे दीडशे. साच्याभोवती थंड पाणी खेळवलेलं असतं, नाहीतर या वेगाला खिळा गोठणारच नाही.

ओळ भिडवण्याची रीत इथे पूर्ण वेगळी आहे. मोनोटाइप पाचरीने रेटत नाही, मोजतं. एम म्हणजे टाइपच्या आकाराएवढी रुंदी. तिचे १८ भाग करायचे, त्यांना युनिट म्हणायचं आणि प्रत्येक अक्षराची रुंदी पूर्ण युनिटांत बसवायची. समजा ओळ २० एमची आहे, म्हणजे ३६० युनिट. अक्षरं आणि सात फटी मिळून ३४६ झाले. उरले १४. सात फटींत वाटले तर प्रत्येकीला दोन. हा भागाकार ऑपरेटर करत नाही. ओळ संपत आली की घंटा वाजते, आणि कीबोर्डवरच्या कोष्टक छापलेल्या दंडगोलावर काटा दोन आकडे दाखवतो. त्या दोन कळा दाबायच्या.

पण ही दोन भोकं पट्टीवर ओळीच्या शेवटी पडतात, आणि फट किती रुंद ओतायची हे ओळीच्या सुरुवातीलाच कळायला हवं. उपाय असा की ओतणारं यंत्र पट्टी उलटी वाचतं. शेवटची ओळ आधी, तिचं शेवटचं अक्षर सर्वांत आधी. ओळीचा हिशेब प्रथम हाती येतो आणि मग मजकूर. आख्खा मजकूर शेवटाकडून सुरुवातीकडे ओतला जातो.

आणि खिळे परत खणात टाकायचं तिसरं काम? ते उरलंच नाही. छपाई झाली की सगळे खिळे भट्टीत. दर खेपेला कोऱ्या करकरीत टाइपने छपाई, हा पुस्तकवाल्यांचा मोठा फायदा. चूक झाली तर चिमट्याने एक खिळा काढून दुसरा घालायचा. गणित, कोष्टकं, वेळापत्रकं, शब्दकोश अशा कामांना म्हणूनच मोनोटाइप. रात्री बाराला बातमी आणि पहाटे अंक असं असेल तिथे लायनोटाइप. स्लगांच्या ओळी भराभर उचलून पानात बसवता येतात. सुटे खिळे हातातून सांडले तर तासाभराचं काम जातं. मोनोटाइपचा धातूही वेगळा असे. त्यात अँटिमनी आणि कथील जास्त, आणि भांडं साडेतीनशे अंशांच्या आसपास, कारण एकट्या उभ्या खिळ्याला स्लगपेक्षा जास्त कणखर असावं लागतं.

काय बिघडायचं आणि का?

लायनोटाइपवर सर्वांत धास्तीचा प्रकार म्हणजे धातूचा फवारा. ओळ सैल राहिली, तरी यंत्राने धातू सोडला, तर तो मातृकांच्या फटींतून बाहेर उडतो, आजूबाजूच्या भागांवर गोठतो आणि ते खरवडून काढेपर्यंत यंत्र बंद. हे टाळायला यंत्रात एक अडसर असतो: ओळ पूर्ण भिडली नाही तर धातू साच्यात रेटणाऱ्या पंपाचा दट्ट्या खाली येऊच द्यायचा नाही. त्याची जुळणी बिघडली की फवारा ठरलेला. ओळीत मातृका जास्त झाल्या तर उलट घडतं. ओळ जबड्यांत शिरत नाही आणि यंत्र आपोआप थांबतं.

दुसरा रोग हळू चढणारा. छापलेल्या अक्षरांमध्ये केसासारख्या उभ्या रेषा दिसू लागतात. मूळ असतं स्पेसबँडमध्ये. ओतताना त्याच्या बाजूला धातूचा कण चिकटतो. पुढच्या खेपेला तो कण शेजारच्या मातृकेची पातळ भिंत चेपतो. भिंत चेपली की दोन मातृकांमध्ये फट पडते, फटीत धातू शिरतो आणि छापून येतो. एकदा चेपलेली भिंत सुधारत नाही, मातृका बदलावीच लागते. म्हणून दर पाळीला सगळे स्पेसबँड काढून, पाइन लाकडाच्या सपाट फळीवर ग्रॅफाइट टाकून घासायचे. काम कंटाळवाणं, पण ते चुकवलं तर महाग मातृकांचा संच खराब होतो.

पंपाचा दट्ट्याही रोज काढून तारेच्या ब्रशने घासायचा, कारण त्याच्याभोवती राख साचली की दाब कमी पडतो आणि स्लग पोकळ निघतो. कीबोर्डखालचे रबरी रूळ कडक, गुळगुळीत झाले तर कॅम घसरतो आणि अक्षर पडतच नाही. कॅम मळाने अडखळला तर एकाच दाबात अक्षर दोनदा पडतं.

हा शिशाचा धूर घातक नव्हता का?

शिसं विषारी आहे, यात शंका नाही. पण धोका लोकांना वाटतो तिथे नसून जरा वेगळीकडे होता. या यंत्रांच्या तापमानाला शिशाची वाफ फारच थोडी होते. खरा धोका राखेच्या बारीक धुळीचा. राख काढताना, दट्ट्या घासताना ती उडते, हाताला लागते आणि अन्नातून पोटात जाते. म्हणून यंत्राशेजारी खायचं नाही, हात धुतल्याशिवाय पाणीही प्यायचं नाही आणि दट्ट्या बंद पेटीत किंवा बाहेर नेऊन घासायचा, हे नियम. तातडीचा धोका ओलाव्याचा. धातूची लगड ओली असताना वितळलेल्या भांड्यात टाकली, तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि धातू स्फोटासारखा उसळतो. लगड आधी भांड्याच्या कडेवर सुकवून, तापवूनच आत सोडायची.

देवनागरीला हे का जड गेलं?

मातृका शेजारी शेजारी उभ्या राहतात. एकीवर दुसरी चढत नाही. रोमन लिपीला ते चालतं. देवनागरीत मात्रा अक्षराच्या डोक्यावर, उकार पायाशी, रफार वर. हाताच्या जुळणीत ही चिन्हं वर-खाली बसवता येत, किंवा मात्रेसह ओतलेले वेगळे खिळे असत, शेकड्यांनी. ९० नळ्यांत हे मावत नाही. प्रत्येक मातृकेवर दोन अक्षरं कोरण्याची सोय असते, पण ती दोन्ही एकाच रुंदीची हवीत.

दुसरी अडचण शिरोरेषेची. मातृकेत अक्षराच्या दोन्ही बाजूंना पितळेची थोडी भिंत राहते. शिरोरेषा सलग दिसायची तर ती कोरणी थेट कडेपर्यंत न्यावी लागते, आणि कडेला जरा झीज झाली की रेषा तुटते. शिवाय स्लगमध्ये कोणतंही अक्षर शेजाऱ्याच्या हद्दीत झुकू शकत नाही. १९३०च्या दशकात हरी गोविल यांनी न्यूयॉर्कमध्ये मर्गेनथालर कंपनीबरोबर देवनागरी लायनोटाइप उभा केला, तो अक्षरसंख्या कमी करून, जोडाक्षरं अर्ध्या अक्षरांनी बांधून. उजवीकडे सरकलेल्या मात्रा आणि सुटे वाटणारे उकार जुन्या छपाईत दिसतात, ते या तडजोडीतून. मोनोटाइपमध्ये खिळ्याचा भाग शेजारच्यावर झुकवता येतो आणि चौकटीत मातृका जास्त बसतात, त्यामुळे तिथे देवनागरी जास्त मोकळी दिसते.

एवढं चांगलं होतं, तर गेलं का?

ओतकाम मंदावलं म्हणून नव्हे. पुढच्या काळात छिद्रित पट्टीवर चालणारी लायनोटाइप मिनिटाला १२ ओळी काढत होती. बदलली ती छपाई. ऑफसेट पद्धतीत उठावाचं अक्षर लागतच नाही. फिल्मवरून प्लेट बनते, आणि अक्षर प्रकाशाने फिल्मवर उमटवता येतं. मग टनावारी धातू वितळवून, पुन्हा त्याचा फोटो काढण्यात अर्थ उरला नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा धातूच्या ओळींवरून निघालेला शेवटचा अंक २ जुलै १९७८ चा. ट्रिब्यूनच्या पहिल्या ओळीपासून एका दिवसाने कमी अशी ९२ वर्षं.

जुन्या पानावर खुणा कशा वाचायच्या?

स्कॅन मोठा करून बघा. अक्षरांमध्ये बारीक उभे केस दिसले, तर लायनोटाइप किंवा त्याच जातीचं यंत्र, आणि मातृका जुन्या. एखादी ओळ दोनदा आली, किंवा आख्खी ओळ उलटी बसली, तर स्लगच. शब्दाच्या मध्ये एकच अक्षर तिरपं किंवा ठळक निघालं, तर दोन अक्षरांची मातृका चुकीच्या पातळीवर उभी राहिली होती. एकच अक्षर उलटं किंवा वाकडं दिसलं तर तो सुटा खिळा आहे: हाताची जुळणी, किंवा मोनोटाइपच्या मजकुरात चिमट्याने केलेली दुरुस्ती. आणि ‘एटाओइन’ अर्धवटच छापलेलं सापडलं, ‘श्रडलू’ आलंच नाही, तर ओळीत तेवढीच जागा शिल्लक होती.